ड्रायर घूं करतो, पण फिरत नाही

सेमी ऑटोमॅटिक मशीनची धुण्याची बाजू नीट चालते आणि ड्रायर तेवढा बंद पडतो, असं फार वेळा होतं. त्यात नवल नाही. दोन्ही बाजू एकाच डब्यात बसवलेल्या असल्या, तरी त्यांच्या मोटरी वेगळ्या आणि टायमर वेगळे. सामाईक म्हणाव्यात अशा मोजक्या गोष्टी: भिंतीतून येणारी वायर, पाणी सोडायची नळी आणि पुष्कळ मॉडेलांत एकाच डबीत बसवलेले दोन कपॅसिटर. म्हणजे धुण्याची बाजू फिरत असेल तर पिन, सॉकेट आणि मुख्य वायर ठीक आहे. तपासाचा पहिला टप्पा पाना हातात न घेताच संपला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे गरम हवेने कपडे कोरडे करणारं कपाटाएवढं यंत्र असतं, त्याचं तंत्र निराळं. आपल्या ड्रायरमध्ये उष्णता नाही. तो नुसता गरगर फिरतो. टोपलीचा व्यास साधारण 24 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 1300 ते 1400 फेरे. हिशेब केला तर टोपलीच्या कडेला दाबल्या गेलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे ते दोनशे साठ पट जोर येतो. कापड जाळीला अडकून राहतं, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. फेऱ्यांचा आकडा लक्षात ठेवा, झाकणाच्या स्विचबद्दल बोलताना तो पुन्हा लागेल.

विजेची वाट सरळ आहे. टायमरमधून झाकणाच्या स्विचला, तिथून मोटरला आणि मोटरच्या जोडीला कपॅसिटर. मोटर खाली उभी बसवलेली असते. तिच्या दांड्यावर कपलिंग, कपलिंगमध्ये टोपलीचा दांडा. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. कपलिंगचा गोल भाग म्हणजेच ब्रेकचा ड्रम, आणि त्याला टेकणारा ब्रेक शू एका वायरने थेट झाकणाला जोडलेला असतो. एवढंच सगळं. त्यामुळे दोष शोधायला आवाज पुरतो: मशीन अगदी गप्प आहे, घूं करतंय, की फिरतंय पण चुकीचं फिरतंय?

उघडण्याआधी पिन सॉकेटमधून काढून बाहेर दिसेल अशी ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीन ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये असतं, म्हणून आधी फरशी पुसून कोरडी करा. कपॅसिटर वीज साठवून ठेवू शकतो, तेव्हा त्याच्या टोकांना हात लावण्यापूर्वी जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी क्षणभर टेकवून तो रिकामा करून घ्यावा. लागणारी हत्यारं म्हणजे स्टार स्क्रू ड्रायव्हर, दहा-अकराचा पाना, पकड, टॉर्च आणि साधा मल्टिमीटर. मागचं कव्हर काढलं की पहिलं काम मोबाइलवर वायरींचे फोटो. रंगांवर विसंबू नये, ते मॉडेलागणिक बदलतात.

मशीन गप्प असेल तर ते सर्वांत सोपं. आधी टायमरचा नॉब उपसून पाहा. आतला दांडा एका बाजूने सपाट असतो आणि नॉबमधलं प्लास्टिक झिजलं की नॉब फिरतो पण दांडा जागचा हलत नाही. लोक यापायी टायमर बदलतात, काही जण मशीनही. दांडा फिरवल्यावर टिकटिक ऐकू येत नसेल तर आतली स्प्रिंग गेली. टायमर नवा घ्यावा. ड्रायरचा टायमर बहुधा पाच मिनिटांचा, दोन वायरींचा, म्हणजे घड्याळ लावलेला स्विचच. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकांना लावा: वेळ लावली की बीप, शून्यावर आला की शांत. असं होत नसेल तर तो दोषी.

मग झाकणाचा स्विच. झाकणाच्या बिजागरीजवळ, वरच्या पॅनेलच्या आत तो लपलेला असतो. झाकण बंद केलं की प्लास्टिकचा एक कान त्याला दाबतो. बऱ्याचदा स्विच शाबूत आणि कान तुटलेला असतो, कारण झाकण आपटायची सवय घरोघरी. याशिवाय तिसरा संशयित म्हणजे उंदीर. या मशीनचा तळ बऱ्याच मॉडेलांत उघडाच असतो आणि मोटरकडे जाणाऱ्या वायरी त्याच्या तोंडाच्या उंचीवर. कुरतडलेली वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळू नका, मशीन हलतं आणि तिथे ओलही असते. नीट कनेक्टर लावून जोड जमिनीपासून वर बांधा.

आता घूं. मशीन हुंकार देतं, टोपली जागची हलत नाही. पहिली गोष्ट म्हणजे लगेच बंद करा. न फिरणारी मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा बरीच जास्त वीज ओढते आणि तिची सगळी उष्णता गुंडाळीत जाते. बऱ्याच मोटरींत तापमानावर चालणारा कटआउट असतो. "थोडा वेळ चालतो, मग बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालतो" ही तक्रार त्याचीच. कटआउट आपलं काम करतोय, दोष दुसरीकडे आहे.

घूं होण्याची कारणं दोन जातींची: टोपलीला काहीतरी धरून ठेवतंय, किंवा मोटरला सुरुवातीचा रेटाच मिळत नाहीये. यातलं कुठलं, हे टोपली हाताने फिरवून कळतं, पण इथे एक फसगत आहे. हात घालायला झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की ब्रेक लागतो. टोपली जड लागणारच, तो दोष नव्हे. म्हणून मशीन भिंतीपासून ओढून मागे टॉर्च घेऊन बसा आणि घरातल्या कुणाला तरी झाकण सावकाश उघड-बंद करायला सांगा. झाकण बंद होताना ब्रेकची वायर ताणली जाऊन शू ड्रमपासून स्पष्ट सुटलेला दिसला पाहिजे. सायकलच्या ब्रेकसारखीच रचना, फक्त उलटी: सायकलची वायर ओढली की ब्रेक लागतो, इथे ओढली की सुटतो. याचा फायदा असा की वायर तुटली तर ब्रेक लागलेलाच राहतो. टोपली अडेल, पण मोकाट सुटणार नाही.

वायर तुटलेली नसली तरी वर्षांनुवर्षांच्या ताणाने लांबते. मग झाकण बंद केलं तरी शू पुरता सुटत नाही, ड्रमला घासत राहतो आणि जळक्या रबराचा वास येतो. बऱ्याच मशीनांत वायरीच्या टोकाच्या पट्टीला ओळीने भोकं असतात, एक भोक पुढे अडकवलं की काम झालं. पण घाईत फार ताणू नका. झाकण उघडल्यावर शू ड्रमला घट्ट टेकतो की नाही हेही पाहायचं आहे.

ब्रेक सुटलेला असताना मदतनिसाला झाकण धरून ठेवायला सांगा आणि मागून कपलिंग बोटांनी फिरवा. सहज फिरलं तर वाट मोकळी आहे. अडलं, तर बहुधा टोपली आणि बाहेरचा टब यांच्या फटीत एखादा मोजा, रुमाल किंवा बाळाचं टोपडं गेलेलं असतं. कपड्यांवर ठेवायची ती प्लास्टिकची चकती हरवल्यावर हे हमखास घडतं. टॉर्च मारून पाहा, वाकवलेल्या तारेने ओढून पाहा; दांड्याभोवती गुंडाळलं गेलं असेल तर टोपली बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही.

वाट मोकळी आहे आणि तरी घूं, तर कपॅसिटर. घरातली वीज एकफेज. तिने मोटरच्या एका गुंडाळीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पण ते फिरत नाही, एकाच रेषेत इकडून तिकडे पालटत राहतं. त्या थरथरीचा आवाज म्हणजेच घूं. दुसरी गुंडाळी कोन करून बसवलेली असते आणि तिच्यातला प्रवाह कपॅसिटर किंचित पुढे सरकवतो. दोन क्षेत्रांच्या अशा मागेपुढे असण्यातून फिरणारं क्षेत्र तयार होतं आणि मोटरला दिशा मिळते. कपॅसिटर मेला की दिशा गेली. तो एकदम मरेल असंही नाही, हळूहळू अशक्त होतो. रिकामी टोपली फिरते आणि ओला टॉवेल घातला की अडते, हे त्या अशक्तपणाचं नेमकं लक्षण.

डबी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर पुढे काही पाहायला नको. नाहीतर मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड मोजा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरण असेल तर बदला. जोडडबीवर 10 + 5 असं काहीसं छापलेलं असतं. मोठा आकडा बहुधा धुण्याच्या मोटरचा, लहान ड्रायरचा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेच हवेत आणि व्होल्टचा आकडा तेवढा किंवा जास्त. जुना बरोबर घेऊन पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. वस्तू शंभरांत मिळते, हजारांत नाही. "थोडा मोठा टाका, जोरात फिरेल" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वेग विजेच्या 50 हर्ट्झवर आणि मोटरच्या रचनेवर ठरतो. मोठ्या कपॅसिटरने मोटर तापेल तेवढी.

कपॅसिटरही चांगला निघाला तर मोटरच्या तीन वायरी उरल्या. त्यांच्या तीन जोड्यांचा रोध मोजा. सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेएवढा यायला हवा. येत नसेल, किंवा एखादी वायर आणि मोटरचं धातूचं अंग यांच्यात बीप होत असेल, तर मोटर गेली. मोटरची दुरुस्ती घरी करू नये. आणि अंगाशी बीप देणारं मशीन "चालतंय ना" म्हणून वापरूही नये, ओल्या हाताने त्याला शिवणारे आपणच.

फिरतंय पण चुकीचं फिरतंय, यातलं सर्वांत धोक्याचं म्हणजे झाकण उघडल्यावर न थांबणारी टोपली. दहा-पंधरा सेकंदांत ती थांबायला हवी. थांबत नसेल तर ब्रेक शू झिजलाय किंवा त्याची स्प्रिंग ढिली पडलीय. आणि इथेच ती आपल्याकडची लाडकी दुरुस्ती येते: स्विच बिघडला की दोन वायरी जोडून "डायरेक्ट" करून देणं. पाच मिनिटांत मशीन सुरू, सगळे खूश. पण आता झाकण उघडं असतानाही वीज चालू राहते. मिनिटाला 1300 फेरे घेणाऱ्या टोपलीतून लोंबणारी ओढणीची कड बोटाला वेढा घालते तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. नवा स्विच स्वस्त आहे. तो मिळेपर्यंत कपडे हाताने पिळा. कुणी आधीच डायरेक्ट करून ठेवलंय का, हे जुन्या मशीनमध्ये जरूर पाहा, फार ठिकाणी सापडतं.

ड्रायरच्या बाजूखाली पाणी साचत असेल तर सील. टोपलीचा दांडा टबाच्या तळातून खाली जातो, तिथे रबराचं घडीदार सील असतं, मेकॅनिक त्याला बेलो म्हणतात. आणि त्याच्या बरोबर खाली कोण बसलंय? मोटर. कपलिंगवर गंज आणि साबणाचे पांढरे ओघळ दिसले की थांबू नका. काही शे रुपयांचं रबर हजारांची मोटर खाऊन टाकतं. कपलिंगवरचा बोल्ट आणि त्याचा लॉकनट सैल करा, टोपली दांड्यासकट वर उचला. गंजाने धरून ठेवलं असेल तर गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. हातोडीने ठोकलं तर दांडा वाकतो आणि वाकलेल्या दांड्याला औषध नाही. जुनं सील खेचून काढा, बसण्याची जागा पुसा, आतल्या बुशला ग्रीस लावून नवं दाबून बसवा. टोपली परत बसवताना बोल्ट दांड्याच्या खाचेत नेमका गेला पाहिजे, नुसता घट्ट लागून उपयोग नाही.

टबाच्या तळाशी पाणी उभं राहून टोपली संथ फिरत असेल तर दोष बहुतेक वेळा नळीचा किंवा धुण्याच्या बाजूच्या व्हॉल्व्हचा असतो. व्हॉल्व्हमध्ये दोरा, बटण अडकलं की तिकडचं पाणी झिरपून इकडे येतं.

राहता राहिलं थरथरणं. थोडं हलणं हा स्वभाव आहे. मोटर स्प्रिंगांवर आणि रबरांवर तोललेली असते, बहुधा तीन. वेग वाढताना एक टप्पा असा येतो की फेऱ्यांचा ताल आणि स्प्रिंगांचा स्वतःचा ताल जुळतो. तिथे मशीन जोरात डुलतं. तो टप्पा ओलांडला की टोपली आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागते आणि शांत होते. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद धडधड आणि मग स्थिर, हे निरोगी. धडधड थांबतच नसेल तर आधी कपडे उपसून सारखे भरा: एकटी जाड चादर नको, जोडीला काहीतरी हवं. तरीही थांबत नसेल तर मागून स्प्रिंगा पाहा. एक तुटली असेल तरी तिन्ही बदला, नाहीतर नव्या-जुन्याच्या कमीजास्त ताणाने मोटर तिरकी बसते.

सगळं जोडून झाल्यावर पिन लावण्याआधी वायरी बांधून टाका. एकही ड्रमला किंवा टोपलीच्या दांड्याला घासता कामा नये. मागचं कव्हर लावा, कव्हर काढून चालवून पाहायचा मोह टाळा. पहिली फेरी रिकामी, एक मिनिटाची. झाकण उघडा, हात बाहेर ठेवून सेकंद मोजा. मग दोन ओले टॉवेल समोरासमोर घालून, वर चकती ठेवून दुसरी फेरी पूर्ण चालू द्या. ती संपल्यावर टॉर्च घेऊन मशीनखालची फरशी कोरडी आहे का पाहा.