अस्थिभंग

अस्थिभंग : हाडाच्या अखंडतेत पडलेला खंड म्हणजे अस्थिभंग. हाडाचे दोन तुकडे होणे, त्याचा चुरा होणे किंवा त्याला केवळ केसाएवढी चीर जाणे, या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. ‘हाड मोडले नाही, नुसती चीर आहे’ असे रुग्ण समाधानाने सांगतात; परंतु चीर हाही अस्थिभंगच होय. पडणे व वाहनांचे अपघात ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अस्थिसुषिरता (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार) किंवा हाडातील कर्करोग असल्यास क्षुल्लक आघातही पुरेसा होतो.

त्वचा शाबूत असल्यास अस्थिभंगास ‘संवृत’ आणि मोडलेल्या जागेपर्यंत जखम पोहोचली असल्यास ‘विवृत’ म्हणतात. विवृत प्रकारात सूक्ष्मजंतूंचा हाडापर्यंत शिरकाव होत असल्याने तो अधिक गंभीर असतो. लहान मुलांची हाडे लवचिक असल्यामुळे ओल्या फांदीप्रमाणे पुष्कळदा एका बाजूसच चिरतात.

लक्षणे : वेदना, सूज, ठरावीक जागी दाबल्यास होणारे तीव्र दुखणे, अवयवाची विकृती व त्याचा वापर न करता येणे ही प्रमुख लक्षणे होत. तुकडे एकमेकांवर घासल्याने होणारी करकर हे निश्चित चिन्ह असले, तरी ते मुद्दाम हालवून शोधू नये. बोटे हालवता येतात म्हणजे हाड शाबूत आहे, हा समज चुकीचा आहे. बोटे स्नायूंमुळे हालतात आणि ते स्नायू सुस्थितीत असू शकतात.

हात टेकून पडल्यास मनगटाजवळ बहिःप्रकोष्ठास्थी मोडते व मनगटास काट्याच्या चमच्यासारखा बाक येतो. या भंगाचे वर्णन एब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी (१८९५) एक्क्याऐंशी वर्षे केले. अशाच पडण्याने मनगटातील नौकाभ अस्थीही मोडते. तिचा भंग पहिल्या क्ष-किरण चित्रात कित्येकदा दिसत नाही. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दुखत असल्यास आधार बांधून सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. मांडीतील ऊर्वस्थी मोडल्यास त्वचेवर ओरखडाही नसताना आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त वाहून जाते.

रक्तपुरवठ्याचा धोका : मोडलेले हाड बहुधा सांधते, हात किंवा पाय गमावण्याची वेळ अनेकदा येते, ती रक्तपुरवठा तुटल्यामुळे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांत कोपराच्या किंचित वर भुजास्थी मोडते, तेव्हा तुकड्याचे टोक दंडातील मुख्य रोहिणीवर (शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीवर) दाब आणू शकते. त्यातच घट्ट पट्टी बांधली, तर सुजेला पसरण्यास जागा उरत नाही आणि स्नायूंतील रक्ताभिसरण थांबते. सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. पुढे ते आखडून हाताची बोटे पंजासारखी वळतात. रिखार्ट फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचा संबंध घट्ट बंधनाशी जोडला.

दुखापतीच्या मानाने अतोनात वेदना, बोटे हळूच सरळ करताच ती वाढणे, बधिरता, बोटे फिकट वा गार पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये, कारण ती बऱ्याच उशिरापर्यंत लागू शकते. अशा वेळी बंधन, मग ते हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्यांचे असो वा रुग्णालयातील प्लॅस्टरचे, ताबडतोब पूर्ण सैल करावे लागते. तेवढ्याने आराम न पडल्यास स्नायूंवरील आवरण शस्त्रक्रियेने उघडतात.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा प्रकार सांगितले असून, मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली व बांबू आधारासाठी सुचविले आहेत. बंध सैल असल्यास स्थैर्य येत नाही, आणि घट्ट असल्यास सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, म्हणून तो मध्यम असावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. बंध ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी बदलावा, असाही निर्देश आहे. कामट्या आवळून बांधून रुग्णास पंधरवडाभर न पाहणाऱ्यांनी परंपरेचा आधार सांगावा, हे म्हणूनच विपरीत वाटते. कोपराच्या दुखापतीवर तेल चोळणेही घातक आहे. त्याने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो.

प्रथमोपचार : मोडलेला अवयव आहे त्या स्थितीत, वरच्या व खालच्या सांध्यांसह स्थिर करावा. वर्तमानपत्राची जाड घडी, काठी किंवा छत्री यासाठी चालते. बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात. उघड्या जखमेतून रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड ठेवून दाब द्यावा; बाहेर आलेले हाड मात्र दाबू नये व आत ढकलू नये. जखमेत हळद, चुना वगैरे काही भरू नये. भूल देण्याची शक्यता असल्याने खाण्यापिण्यास देऊ नये. मानेस वा पाठीस इजा झाल्याचा संशय असल्यास रुग्णास उठवून बसवू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

उपचार : तुकडे जागेवर आणणे, सांधेपर्यंत ते तेथे राखणे व नंतर अवयव पूर्ववत चालता करणे, हे उपचाराचे तीन भाग होत. अँटोनियस माथिसेन या डच सैनिकी शल्यचिकित्सकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्लॅस्टरची पट्टी प्रचारात आणली. गेरहार्ट क्युंचर यांनी १९३९ मध्ये ऊर्वस्थीच्या पोकळीत धातूची सळई बसविली. भंगाच्या जागी प्रथम रक्त साकळते, त्यात मऊ किण तयार होतो व तो हळूहळू कठीण होतो. प्रौढांत मनगटास सुमारे सहा आठवडे, तर नडगीस तीन ते चार महिने लागतात. मुलांत याहून बरेच कमी. धूम्रपानाने हा काळ लांबतो.

वृद्धांतील खुब्याच्या अस्थिभंगात पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळतो. येथे अंथरुणावर पडून राहणे हेच मोठे संकट ठरते, कारण त्यातून शय्याव्रण, फुप्फुसशोथ व पायांतील नीलांत रक्ताच्या गुठळ्या उद्भवतात. म्हणून वय झाले या सबबीवर शस्त्रक्रिया टाळण्याऐवजी ती शक्यतो पहिल्या दोन दिवसांत करून रुग्णास दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करतात आणि पुढे अस्थिसुषिरतेवरही औषधे सुरू करतात.