‘अ‍ॅडमिन’ची किल्ली एकाच्याच खिशात नको

बालाघाट : तहसील असो, सहकारी बँक असो की राईस मिलचं ऑफिस, कारभार आता कॉम्प्युटरवर चालतो. प्रत्येक सिस्टिममध्ये एक खातं असं असतं, ज्याला जवळपास सगळंच करता येतं. नवा युजर बनवायचा, कुणाचाही पासवर्ड बदलायचा, नोंद फिरवायची आणि केलेल्या कामाची खूणही पुसायची. हेच ‘अ‍ॅडमिन’ खातं.

त्याचा गैरवापर झाला तर काय होतं? आपल्या मध्य प्रदेशचं व्यापम प्रकरण आठवा. २०१३ मध्ये मेडिकल प्रवेश परीक्षेचा घोटाळा उघड झाला, तेव्हा अटक झालेल्यांत मंडळाचाच सिस्टिम अ‍ॅनालिस्ट होता. पैसे देणारा परीक्षार्थी आणि त्याला उत्तरं दाखवणारा मागेपुढे बसावेत, असे रोल नंबर लावल्याचा आरोप झाला. लोकांनी याला ‘इंजन-बोगी’ म्हटलं. ९ जुलै २०१५ ला सुप्रीम कोर्टानं तपास सीबीआयकडे सोपवला. म्हणजे आरोप कुलूप तोडल्याचा नव्हता, घरच्याच किल्लीचा होता. नुकसान झालं ते रात्र-रात्र जागून अभ्यास केलेल्या पोरांचं.

धोका बाहेरूनही येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. असे चोर आत शिरले की बहुतेक वेळा आधी अ‍ॅडमिनचाच पासवर्ड शोधतात.

मग करायचं काय? बँकेची तिजोरी दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. तोच नियम इथं लावा.

– रोजच्या कामाला साधं खातं; अ‍ॅडमिन खातं गरजेपुरतंच.
– ज्याचं खातं त्याचाच पासवर्ड, सोबत ओटीपी. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नको.
– मोठा बदल करताना दुसऱ्याची मंजुरी हवीच.
– बदली झाली किंवा नोकरी सुटली, की त्याच दिवशी खातं बंद.
– कुणी, कधी, काय केलं याची नोंद, म्हणजे लॉग, वेगळ्या मशीनवर. अ‍ॅडमिनलाही पुसता येऊ नये.

लॉग १८० दिवस जपून ठेवावेत, असा सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेशच आहे.

यात कुणावर अविश्वास दाखवायचा प्रश्न नाही. उलट उद्या काही गडबड झाली, तर प्रामाणिक ऑपरेटरला वाचवणारा पुरावा हा लॉगच असतो. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या आमसभेत एवढंच विचारा : अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे, आणि त्याच्यावर नजर कुणाची?