संग्रहालय पाहण्याचे शास्त्र : रायपुरातील एक दिवस

वस्तुसंग्रहालयातून बाहेर पडणारा मनुष्य बहुधा थकलेला असतो, आणि पाहिलेल्या शेकडो वस्तूंपैकी दोन-चारच त्याच्या स्मरणात राहतात. असे का व्हावे? बोस्टन येथील कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली छायाचित्रांच्या साहाय्याने दाखविले, की कपाटातील वस्तू नीट पाहण्यासाठी प्रेक्षकाला फार वाकावे व मान वळवावी लागते. पुढे १९२८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन यांना असे आढळले, की माणसाला खुर्चीवर बसवून एकामागून एक चित्रे दाखविली, तरीही त्याचे लक्ष उणावत जाते. अर्थात पायांप्रमाणे मनही थकते. सहलीची आखणी करताना वेळेबरोबर या लक्षाचाही हिशेब ठेवणे इष्ट होय.

रायपूरच्या उत्तरेकडील भनपुरी या औद्योगिक भागातून एखाद्या शाळेची सहल निघावयाची आहे, असे समजू. प्रथम संग्रहालयाच्या साप्ताहिक सुट्टीची चौकशी करावी. मन ताजे असते तेव्हा, म्हणजे सकाळी, शहरातील महंत घासीदास स्मारक संग्रहालय पाहावे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाच्या विद्यमान इमारतीचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. येथे सारेच पाहण्याचा हव्यास न धरता पाच-सहा वस्तू आधी निवडाव्यात. सिरपूरच्या धातुमूर्ती त्यांत असाव्यात, आणि किरारीचा काष्ठस्तंभ तर असावाच.

१९२१ साली किरारी गावातील तळे आटले, तेव्हा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा खांब हाती आला. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशी पाण्याच्याच आधाराने आकार टिकवून असतात. ते पाणी उडून गेले की लाकूड आकसते व त्याचे पापुद्रे सुटतात. येथेही उन्हात वाळताच बहुतेक ब्राह्मी अक्षरे झडून गेली. परंतु लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक पंडितांनी ती त्यापूर्वीच उतरून घेतली होती. त्या नकलेमुळेच लेख अभ्यासकांना उपलब्ध झाला. त्यात सेनापती, नगररक्षी, गणक इत्यादी अधिकाऱ्यांची नामावळी आहे; तीत महानसिक, म्हणजे मुदपाकखान्याचा अधिकारी, हाही येतो.

त्याचे नाव वाचून झाले की भोजनास जावे! संग्रहालयाच्या आवारातच २०१६ साली ‘गढ कलेवा’ हे छत्तीसगढी खाद्यपदार्थांचे उपाहारगृह सुरू झाले. तांदळाच्या पिठाचा चिला हा आपल्या घावनाचाच भाऊबंद. फरा हाही तांदळाचाच पदार्थ. येथे तासभर स्वस्थ बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. लक्षाला विश्रांती मिळते ती अशीच.

दुपारी सड्डू येथील विज्ञान केंद्र पाहावे. तेथे उपकरणे स्वतः हाताळावयाची असल्याने जेवणानंतरची सुस्ती सहज ओसरते. परतताना प्रत्येक मुलाने आवडलेल्या एका वस्तूचे चित्र वहीत काढावे. किरारीच्या अक्षरांना तारले ते अशाच एका नकलेने.