विहिरीतलं नायट्रेट आलं कुठून?

नायट्रेटला ना रंग, ना वास. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधानं तान्ही बाळं निळी पडतात, हे अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये मांडलं. आपल्याकडे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले सुमारे २० टक्के नमुने तिच्या पलीकडे होते, महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून जास्त.

अशा वेळी बोट युरियाच्या गोणीकडे जातं. पण विहिरीजवळ गोठा असतो, उकिरडा असतो, शौचालयाचा शोषखड्डाही असतो.

उत्तर नायट्रोजनच्या अणूंतच आहे. हजारातले सुमारे ९९६ अणू हलके, बाकीचे किंचित जड. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्यात हे प्रमाण जवळजवळ हवेइतकंच राहतं. शेणमूत कुजताना मात्र अमोनिया उडतो, त्यात हलके अणू आधी निघून जातात आणि मागे जड अणूंचा वाटा वाढतो. फरक शेकडा एखाद्याचा, पण यंत्र तो पकडतं.

१९७१ मध्ये बॅरी कॉमनर आणि सहकाऱ्यांनी इलिनॉयच्या सँगमन नदीखोऱ्यात असंच मोजून निम्म्याहून जास्त नायट्रेट खतांचं ठरवलं. मृदाशास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि ती रास्त होती: मातीतल्या सेंद्रिय पदार्थांतूनही नायट्रेट सुटतं, त्याचं माप युरिया आणि शेणमूत यांच्या मधे पडतं. शिवाय प्राणवायू नसलेल्या थरांत जीवाणू नायट्रेट फोडतात, तेही हलकं आधी. मग युरियाचं नायट्रेटसुद्धा शेणाचं भासतं. म्हणून आता त्यातला ऑक्सिजनही मोजतात. दोन्ही एकदम जड होत गेले, तर ते जीवाणूंचं काम.

गोठा की शोषखड्डा, हे मात्र एवढ्यानं कळत नाही. तिथे सुक्रालोजसारखे कृत्रिम गोडवे उपयोगी पडतात. ते माणसाच्या पोटातून जवळपास तसेच बाहेर येतात, सांडपाण्यातही सहजी मोडत नाहीत, आणि गुरांच्या चाऱ्यात नसतात. ते विहिरीत सापडले, तर सांडपाणी पोचलं हे नक्की. सापडले नाहीत म्हणून मात्र शोषखड्डा निर्दोष ठरत नाही.

मर्यादा ओलांडणाऱ्या गावांत तरी हा तपास व्हायलाच हवा. खड्डा दूर न्यायचा की युरिया हप्त्याहप्त्यानं द्यायचा, हे त्याशिवाय ठरवणार कसं? आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून वाहतं, एकाच विहिरीला दोन दिशांचे झरे असतात. म्हणून नमुना झऱ्याझऱ्याचा वेगळा घ्यावा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर.