तुला किती झेपतं?

तेलगावकडून येणारी एसटी धारूरचा घाट चढताना दोनदा थांबली. दोन्ही वेळा सीताफळांच्या पाट्या चढल्या. समोरून ट्रॅक्टर उतरत होते. ट्रॉलीत पत्रे, भांडी, पेंढ्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. बालाघाटातल्या या गावांतून ऊसतोडीचे कोयते याच दिवसांत बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो.

मी मात्र एका आवाजासाठी निघाले होते. नात्यातली एक मुलगी धारूरला टायपिंग शिकली. परीक्षा पास झाल्याचं सांगायला तिनं फोन केला, तेव्हा सहज म्हणाली, “शेवटच्या दिवशी सरांनी आम्हाला मोडेम ऐकवला.” तो आवाज मी वीस वर्षांपूर्वी शेवटचा ऐकला असेन. आधी टोन, मग आकड्यांची टिकटिक, एक लांब शिट्टी, आणि शेवटी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. विशीतल्या मुलांना तो कुणी मुद्दाम ऐकवत असेल, तर का, हे मला पाहायचं होतं.

क्लास एका दुकानाच्या माडीवर आहे. आत शिरताच आधी वास येतो, टाइपरायटरच्या तेलाचा आणि जुन्या रिबनचा. कोपऱ्यात एक रेमिंग्टन झाकून ठेवलंय. ते वापरत कुणी नाही, पण सर दर महिन्याला त्याला तेल देतात. बाकी खोलीभर संगणक आणि एकसारखी टकटक. इथं शिकणाऱ्या बहुतेकांना ‘मराठी ३०’ पास व्हायचं असतं, म्हणजे मिनिटाला ३० शब्द. सरकारी नोकरीच्या अनेक जाहिरातींत ही अट असते, म्हणून या माडीवर ३० या आकड्याला देव्हाऱ्यातली जागा आहे.

सर पन्नाशीचे. खाली दुकान आहे त्या जागी त्यांचा एसटीडी बूथ होता. नव्वदच्या दशकात रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. मग अकराला बूथसमोर रांग लागायची. रांग संपली की सर शटर अर्धं ओढत आणि त्याच लाइनला मोडेम जोडत. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं खरं, पण ते मोठ्या शहरांत. धारूरच्या माणसाला तिथवर पोचायचं तर एसटीडी लावूनच. प्रत्येक पल्सला मीटर पुढं सरके.

त्यामुळं त्यांनी एक पद्धत बसवली. ईमेल आधी कागदावर. मग लाइन न जोडता संगणकावर टाइप करायचा आणि दोनदा वाचायचा. दिवसभरातले सगळे एकत्र झाले की रात्री लाइन लावायची, पाठवायचे, आलेले उतरवून घ्यायचे, लाइन तोडायची. वाचन सगळं नंतर. पुण्या-मुंबईला, परदेशात शिकायला गेलेल्यांचे आईवडील कागद घेऊन येत. उत्तर आलं की सर डॉट मॅट्रिक्सवर छापून सकाळी सायकलवरून घरी पोचवत. “पोस्टमनपेक्षा मी लवकर जायचो,” ते म्हणाले. त्या वेळची वही त्यांनी दाखवली. तारीख, नाव, पल्स, रुपये. काही नावांपुढं रुपयांची जागा रिकामी आहे. त्याबद्दल मी विचारलं तर त्यांनी वही मिटली.

रात्रीच्या स्वस्त दराभोवती उभी राहिलेली ही रीत एकट्या धारूरची नव्हती. अमेरिकेत १९८४मध्ये सुरू झालेल्या फायडोनेटवर घरोघरचे संगणक रात्री, दर उतरल्यावर, एकमेकांना फोन लावून दिवसभराची पत्रं पुढं ढकलत. त्याआधी, १९७८च्या हिवाळ्यात, शिकागोत बर्फानं घरात अडकलेल्या दोन मित्रांनी असा संगणक बांधला, की ज्याला कुणीही फोन लावून निरोप ठेवावा. लाइन एकच, एका वेळी एकच माणूस. आपल्याकडं १९८७मध्ये मुंबईत एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाला, तोही टेलिफोनच्या तारेवरून. आधी साठवायचं, मग संधी मिळताच पुढं धाडायचं, हे सूत्र सगळीकडं तेच. सरांना यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. मीटरनं शिकवलं.

दुपारी चारला बॅच जमली. दोन जुने संगणक, एक या खोलीत, दुसरा भिंतीपलीकडं. प्रत्येकाला तळहाताएवढा काळा मोडेम, पुढं लाल दिव्यांची ओळ. दोन मोडेममध्ये टेलिफोनची साधी वायर आणि मधोमध ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. इंटरनेट नाही, एक्स्चेंज नाही. खऱ्या लाइनवर एक्स्चेंज ४८ व्होल्टचा दाब देतं, म्हणून गावाची वीज गेली तरी फोन चालायचा. इथं ते काम ही बॅटरी करते.

सरांनी पडद्यावर मोडेमशी बोलायचा प्रोग्राम, हायपरटर्मिनल, उघडला आणि दोन अक्षरं टाइप केली, ए आणि टी. एटी म्हणजे अटेन्शन, इकडं लक्ष दे. १९८१च्या हेज कंपनीच्या मोडेमपासून ही भाषा रूढ झाली. मोडेमनं पडद्यावर ‘ओके’ म्हटलं. पुढची आज्ञा टोनची वाट न पाहता लाइन धर, अशी. पलीकडच्या खोलीतल्या मुलीनं ‘एटीए’ टाइप केलं, म्हणजे उचल.

आणि तो आवाज आला. मी खुर्चीची कड धरली.

मुलं हसली, मग शांत झाली. सरांनी बोटानं एकेक टप्पा दाखवला. लांब शिट्टी उत्तर देणाऱ्या मोडेमची, २१०० हर्ट्झची. ती ऐकून लाइनवरची प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बाजूला होतात. नंतरची खरखर ही परीक्षा आहे. दोन्ही मोडेम आळीपाळीनं ठरलेले सूर पाठवतात आणि पलीकडं ते किती मोडून पोचले ते पाहतात. टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यापुरती बेतलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. त्या अरुंद वाटेवरून आकडे सुरांत बदलून न्यायचे आणि पलीकडं पुन्हा आकडे करायचे. मॉड्युलेशन आणि डीमॉड्युलेशन, म्हणून मोडेम.

“ते भांडायलेत का सर?” एका पोरानं विचारलं.

“नाही रे. एकमेकांना विचारायलेत, तुला किती झेपतं? हा म्हणतो मला ३३,६०० झेपतं. तो म्हणतो मला नाही, लाइन खराब आहे. मग हा खाली उतरतो. पुन्हा विचारतो. ज्याला कमी झेपतं त्याच्या चालीनं दोघं चालतात.”

पडद्यावर ‘कनेक्ट’ उमटलं, पुढं आकडा. सीडी नावाचा लाल दिवा लागला. लाइन पकडली.

मी वहीत एवढंच लिहिलं: खाली उतरतो, पुन्हा विचारतो. संगणकाच्या इतिहासावरच्या लेखांत मी वेगाचे आकडे पुष्कळ वाचलेत. ३००, २४००, ९६००, मग १९९८चं ५६ हजारांचं प्रमाण. तो इतिहास वर चढत जातो. पण प्रत्येक जोडणीत आधी उतरणं होतं, हे मला धारूरच्या माडीवर कळलं. आजच्या फोनमध्येही अशी बोलणी क्षणोक्षणी चालूच असतात, आपल्याला ती ऐकू येत नाहीत इतकंच. सर ती ऐकवतात. माझ्या लेखी या क्लासमधला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे, अभ्यासक्रमात तो कुठंही नसला तरी.

त्यानंतर सरांनी वेग मुद्दाम ३००वर आणला. सुरुवातीचे दोन आणि शेवटचा एक बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, असं सांगताना ते अडखळले, थांबले आणि फळ्यावर पुन्हा लिहिलं: सुरुवातीचा १, अक्षराचे ८, शेवटचा १. म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. “तुमची मिनिटाला ३० शब्दांची मारामारी, याची सेकंदाला ३० अक्षरं,” ते म्हणाले. पुन्हा तोच ३०.

या ३०ला आपल्या लिपीत वेगळीच किंमत पडते. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘कोयता’ म्हणजे ५ चिन्हं, १५ बाइट. या लाइनवर एका कोयत्याला अर्धा सेकंद. पण तो प्रश्न पुढचा. हायपरटर्मिनलच्या पडद्यावर देवनागरी उमटतच नाही. बूथच्या काळात तर दोन्ही टोकांना एकच फॉन्ट नसेल तर मराठी पत्राचा नुसता चिखल व्हायचा. म्हणून ते सगळे ईमेल मराठीत असूनही रोमन अक्षरांत गेले. कागदावर ‘ळ’ लिहून आलेल्या आईचा ‘ळ’ सर ‘एल’ करून पाठवत. “बाळ लिहिलं की बाल व्हायचं,” ते म्हणाले. वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. इतक्या वर्षांनंतरही त्यांना ते लागतं.

जोड्यांनी मुलं बसू लागली. बहुतेकांनी आपापली नावं टाइप केली. मग एक मुलगी आली, अठरा-एकोणीसची, ओढणी खांद्यावर घट्ट बांधलेली. तिचे आईवडील आठ दिवसांपूर्वी कोल्हापूरकडं कारखान्यावर गेलेत. धाकट्या दोघांना घेऊन ती आजीजवळ राहिलीय, ‘मराठी ३०’साठी. पलीकडं तिची मैत्रीण. हिनं रोमन अक्षरांत टाइप केलं, जेवलीस का. मग, काय करायलीस. पलीकडून काही येईना. मैत्रीण अक्षरं शोधत असावी. ही पडद्याकडं पाहत बसली. मग एकेक अक्षर येऊ लागलं, मध्ये थांबे, पुन्हा येई. तिनं आपला हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवला. पूर्ण वाक्य येईपर्यंत तिनं एकही कळ दाबली नाही.

ती जागा सोडताना तिनं विचारलं, “सर, ही तार किती लांब चालती?”

“एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर सहज.”

“आन् कारखान्यापर्यंत?”

“फोन लागला की मग अंतर राहत नाही, बाई. अमेरिकेला लागायचा इथून.”

साडेसातला बाकीची मुलं गेली. ती थांबली होती. आईवडिलांच्या पालावर वीज नाही. मुकादमाच्या गाडीवर चार्ज करून आईचा फोन सातनंतर कधीतरी सुरू होतो, आणि आजीच्या घरात रेंज नाही, माडीवर आहे. सर बॅटरी काढत होते. मी खिडकीशी उभी होते. रिबनचा वास अजून खोलीत होता आणि खालून सीताफळांचा येऊ लागला होता.

तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. तुटत होता, मध्येच दोन शब्द, मग काही नाही, मग घाईघाईनं पुष्कळ. आईला बहुधा सगळंच एकदम सांगायचं होतं. मुलगी काही क्षण ऐकत राहिली.

“थांब आई,” ती म्हणाली. “मला कळंना गेलंय. दम खा. एक-एक सांग. मी हाय हितंच.”

सर हातातली वायर गुंडाळायची थांबले.