झुलती खुर्ची : शोभेची आणि उपयोगाची

गेल्या काही वर्षांत जुन्या लाकडी सामानाला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतली कपाटे, आरसे, खुर्च्या बाजारात येतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात खास त्यासाठी चकरा मारणारे हौशी लोकही आहेत. या सामानात ज्या वस्तूबद्दल दवाखान्यात हमखास विचारणा होते, ती म्हणजे झुलती खुर्ची, अर्थात रॉकिंग चेअर. "डॉक्टर, बाबा निवृत्त झाले, त्यांच्यासाठी घेऊ का?" "कंबरदुखीला चांगली असते म्हणतात, खरे का?" सुतारकामातले मला फारसे कळत नाही, पण तिच्यावर बसणाऱ्या शरीराबद्दल चार गोष्टी सांगता येतील.

प्रथम थोडा इतिहास. ही खुर्ची बेंजामिन फ्रँकलिन यांनी शोधून काढली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. त्याला आधार नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत ती रुळली आणि पुढे युरोपात मायकेल थोनेट या कारागिराने बीचचे लाकूड वाफेवर वाकवून 1860 मध्ये आपली पहिली झुलती खुर्ची बाजारात आणली. गोल वळणांचे लाकूड आणि वेताची जाळी हा तिचा थाट. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे घराणे लगेच ओळखू येईल. 14 एप्रिल 1865 रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा ते नाट्यगृहात अशाच एका झुलत्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची आज मिशिगन राज्यातील डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

वैद्यकाशी तिचा संबंध जोडला तो जॉन केनेडी यांच्या पाठीने. पाठीवर शस्त्रक्रिया होऊनही वेदना जाईनात, तेव्हा 1955 मध्ये ते न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेले. स्नायूंच्या दुखण्यांचा या बाईंचा अभ्यास मोठा होता. त्यांच्या दवाखान्यातल्या झुलत्या खुर्चीत केनेडींना बरे वाटले आणि त्यांनी तशाच खुर्च्या घेतल्या. पुढे 1961 मध्ये डॉ. ट्रॅव्हेल अमेरिकन अध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. 1996 च्या लिलावात केनेडींची एक खुर्ची चार लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. बरे वाटण्याची किंमत वेगळी, आठवणीची वेगळी!

या खुर्चीने नेमके होते काय? माणूस एकाच स्थितीत बसून राहिला की पाठीचे ठराविक स्नायू सतत ताणलेले राहतात आणि दुखू लागतात. झुलताना हे स्नायू आळीपाळीने आवळतात व सैल होतात. पावलाने जमिनीला हलका रेटा द्यावा लागतो, म्हणून पोटरीचे स्नायूही काम करतात आणि पायातले रक्त वर ढकलले जाते. शिवाय आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. मंद, एका लयीतल्या हालचालीने ते मेंदूला शांत करणारे संदेश देते. पाळणा हलवला की तान्हे मूल झोपते आणि झोपाळ्यावर दुपारी आजोबांचा डोळा लागतो, ते याचमुळे. जिनिव्हातील संशोधकांनी 2011 मध्ये 12 निरोगी पुरुषांना दुपारी हळुवार झुलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिले, तर त्यांना स्थिर पलंगापेक्षा लवकर झोप लागली. अमेरिकेत रोचेस्टर येथे 1998 च्या सुमारास झालेल्या एका छोट्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना रोज झुलत्या खुर्चीत बसवल्यावर त्यांची अस्वस्थता कमी झाल्याचे दिसले.

मात्र एवढ्यावरून हिला औषध समजू नये. झुलणे म्हणजे चालणे नव्हे. अर्ध्या तासाच्या फेरीची जागा तासभर झुलण्याने भरून निघत नाही. तरीही आपल्याकडच्या कापडी आरामखुर्चीपेक्षा ही मला बरी वाटते. त्या खुर्चीत कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, पाठीचा धनुष्याकार बाक होतो आणि उठताना दोन माणसे लागतात. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र घेऊन सकाळी तिच्यात शिरलेले आणि दुपारच्या जेवणालाच बाहेर आलेले गृहस्थ मी पुष्कळ पाहिले आहेत. वर्षभरात मांड्या बारीक होतात, मग जिना नकोसा होतो.

आता धोक्याची बाजू. माझ्या रुग्णांपैकी सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मुलाने हौसेने शिसवी झुलती खुर्ची आणून दिली. ती ठेवली गॅलरीत, गुळगुळीत फरशीवर. फोन वाजला म्हणून आजी एका हातावर भार देऊन लगबगीने उठल्या. खुर्ची मागे सरकली आणि त्या बाजूवर पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, वॉकरवर तीन महिने गेले. घरच्यांनी खुर्ची विकायला काढली, तर आजींनी ठाम नकार दिला. "पडले मी, राग खुर्चीवर कशाला?" मला त्यांचे म्हणणे पटले. खुर्ची आता आतल्या खोलीत, जाड सतरंजीवर आहे. सतरंजीखाली न घसरणारी रबरी चटई घातली आहे. बसता-उठताना कोणीतरी खालच्या कमानींना लाकडी गुटके लावते. आजींना शिकवलेला क्रमही सोपा आहे : आधी झुलणे थांबवायचे, पुढे सरकायचे, दोन्ही पावले जमिनीवर पक्की टेकवायची, दोन्ही हातांवर सारखा भार द्यायचा आणि मगच उठायचे. फोन वाजत राहिला तर राहू द्यावा.

कंपवात असलेल्यांनी, तोल जाणाऱ्यांनी आणि उभे राहताच ज्यांचा रक्तदाब उतरतो त्यांनी घरच्या माणसाच्या देखरेखीशिवाय ही खुर्ची वापरू नये. ज्यांना एसटीत गाडी लागते किंवा चक्करीचा त्रास आहे, त्यांना हिच्यातही मळमळू शकते. बाळंतिणीला अंगावर पाजताना ती सोयीची असते, पण बाळ मांडीवर असताना आईला झोप लागली तर बाळ गुदमरण्याचा धोका आहे. डोळे मिटू लागले की बाळाला त्याच्या जागी ठेवावे. रांगणारे मूल घरात असेल, तर कमानींखाली बोटे सापडतात हे लक्षात ठेवावे.

जुनी खुर्ची घेताना ती आधी रिकामीच पूर्ण मागे रेटून पाहावी. मागे कलंडत असेल तर सोडून द्यावी. दोन्ही कमानी जमिनीला सारख्या टेकल्या पाहिजेत. ज्याला बसायचे आहे त्यालाच बसवून पाहावे : पावले सपाट टेकतात का, गुडघे साधारण काटकोनात राहतात का, हात टेकायला भक्कम आहेत का. वेताची जाळी खोलगट झाली असेल तर नवी विणून घ्यावी. वेत विणणारे कारागीर कमी होत चालले आहेत, तेव्हा खर्च आधी विचारावा. लाकडाला बारीक भोके असून खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर कीड चालू आहे. सांध्यांत आणि वेताच्या कडेला काळे ठिपके दिसले, तर ढेकणांची शंका घ्यावी आणि ती खुर्ची बंदोबस्त होईपर्यंत घरात घेऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रंग. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 चे असून ते 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाले. त्याआधीचा रंग घरात सँडपेपरने घासला, तर त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. गर्भवतींनीही त्यापासून दूर राहावे. हे काम बाहेर, लाकूड ओले करून, चांगला मास्क लावून जाणकारानेच करावे. नंतर चकाकीसाठी जवसाचे तेल लावतात. त्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ते आतल्या उष्णतेने आपोआप पेटू शकते. फडके अंगणात मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावे.