शुष्क नेत्र, केरॅटोकोनस आणि कॉन्टॅक्ट लेन्स : वैद्यांचे क्षेत्र व मर्यादा

हळद शिजविणे, वाळविणे व पॉलिश करणे या कामांत उडणारी धूळ, उन्हाळ्यात ४० अंशांपलीकडे जाणारे तापमान आणि कोरडा वारा ही हिंगोली जिल्ह्याची परिस्थिती डोळ्यांना मुळीच अनुकूल नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, खाज व जळजळ या तक्रारी आपल्या वैद्यबंधूंना नव्या नाहीत. मात्र अशा रुग्णांत कधी कधी पंधरा ते पंचवीस वयाचा एखादा तरुण असतो. त्याच्या चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो आणि नवा चष्मा लावूनही अक्षरे दुहेरी दिसतात. त्याला केवळ शुष्काक्षिपाकाचा रुग्ण समजून औषध देऊन पाठविणे ही मोठी चूक ठरू शकते.

केरॅटोकोनस म्हणजे डोळ्याचे पारपटल, अर्थात कृष्णमंडल, हळूहळू पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येणे. हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो व तिशीपर्यंत वाढू शकतो. अॅलर्जी, आनुवंशिकता आणि विशेषतः डोळे जोराने चोळण्याची सवय यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. तो केवळ शहरी विकार नव्हे. नागपूरजवळील ग्रामीण भागात तिशी ओलांडलेल्या साडेचार हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर वा त्याहून अधिक असणे हा निकष लावता हे प्रमाण २.३ टक्के आढळले. केवळ वक्रतेच्या मापावरून काढलेला हा आकडा सावधपणे वाचावयास हवा. तरीही खेड्यातील वैद्याने या विकाराचा विचार मनात ठेवावा, एवढे त्यातून निश्चित कळते.

कोरडेपणा येथे महत्त्वाचा का?

पारपटल वेडेवाकडे झाल्याने अश्रूंचा थर त्यावर सारखा पसरत नाही. या रुग्णांना चष्म्याने पुरेसे दिसत नाही, म्हणून कठीण आर.जी.पी. लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स दिली जाते. लेन्समुळे दृष्टी स्पष्ट होते, विकार मात्र थांबत नाही. आर.जी.पी. लेन्स अश्रूंच्या थरावर तरंगते. अश्रू कमी पडले की ती टोचते, रुग्ण डोळा चोळतो, आणि चोळण्याने शंकू वाढण्याचा धोका असतो. शेवटी लेन्स सहन होईनाशी होते व विद्यार्थ्याचा अभ्यास वा कामकऱ्याची रोजी अडते. म्हणून कोरडेपणाची चिकित्सा ही येथे दुय्यम बाब नाही.

वैद्यांनी काय करावे?

सुश्रुतांनी ७६ नेत्ररोग वर्णिले असून शुष्काक्षिपाक सर्वगत रोगांत गणला आहे. पापण्या कठीण व रूक्ष होणे, अस्पष्ट दिसणे, डोळे उघडण्यास त्रास होणे ही त्याची लक्षणे शुष्क नेत्राशी बरीच जुळतात. केरॅटोकोनसला मात्र ग्रंथांतील एखादे नाव ओढूनताणून देऊ नये. अजकाजातासारख्या कृष्णगत रोगाशी त्याचे साम्य वरवरचे आहे.

पारपटलाचा आकार घृताने पूर्ववत होतो, असे आश्वासन रुग्णास कदापि देऊ नये. कोरडेपणा, खाज, निद्रा, आहार व मलावष्टंभ यांकडे लक्ष देणे हे आपले क्षेत्र होय. तर्पण करावयाचे असल्यास ते नेत्रतज्ज्ञांच्या संमतीने करावे. लेन्स आधीच काढलेली असावी व त्या दिवशी ती पुन्हा घालू नये, कारण घृताचा लेप लेन्सवर बसतो. ढगाळ, अतिउष्ण वा अतिशीत दिवशी आणि डोळ्यातील उपद्रव शमलेला नसताना तर्पण करू नये, असे सुश्रुतांनीच सांगितले आहे. आपल्याकडील मे महिन्यात हा निषेध विसरता कामा नये. उडदाच्या पिठाची पाळी काढताना डोळा चोळला जाऊ नये. नेत्रगोलावर दाब देणारे मर्दन या रुग्णांत पूर्णतः वर्ज्य समजावे.

औषध विक्रेत्यांसाठी

खाजेवर स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने नेत्रदाब वाढतो व मोतीबिंदू होतो. बेंझाल्कोनियम क्लोराइडयुक्त थेंब लेन्स घातलेली असताना वापरू नयेत. लेन्सधारकास परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रू सुचवावेत. मध, गुलाबपाणी वा रंगीत वनौषधींचे थेंब लेन्सवर टाकू नयेत. नळाच्या वा बोअरच्या पाण्याने लेन्स धुऊ नये. त्यातून अकॅन्थअमीबाचा चिवट संसर्ग होऊ शकतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून देण्याची सवय लावावी.

त्वरित कोणास पाठवावे?

नंबर वारंवार बदलणाऱ्या प्रत्येक तरुणाची पारपटलाची टोपोग्राफी करून घ्यावी. विकार वाढत असल्यास रायबोफ्लेविन व अतिनील किरणांनी केले जाणारे क्रॉस-लिंकिंग तो रोखू शकते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील वैद्यकांनी त्याचे पहिले रुग्णानुभव २००३ साली प्रसिद्ध केले. वेळ दवडली तर ही संधी हातची जाते. लेन्सधारकाचा डोळा लाल होणे, दुखणे, पारपटलावर पांढरा ठिपका दिसणे अथवा अचानक दिसेनासे होणे या स्थितीत लेन्स काढावयास सांगून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. हळदीच्या वा शेतीच्या कामात डोळ्यास इजा झाली असेल तर बुरशीच्या संसर्गाची शंका विशेष बाळगावी. पुढील उपचारांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारखी पारपटलाचा स्वतंत्र विभाग असलेली केंद्रे उपयुक्त आहेत.

डोळे चोळू नका, एवढी एक सूचना प्रत्येक भेटीत दिली तरी पुष्कळ साधते. तिला खर्च नाही आणि ती देण्याची पहिली संधी बहुधा गावातील वैद्यास व औषध विक्रेत्यासच मिळते.